टाळ वाजत राहिला तर

गणपती बसले त्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या ग्रुपवर शंभराच्या वर फोटो येऊन पडले होते. मखरं, उकडीचे मोदक, परकर-पोलक्यातल्या लेकी, आणि प्रत्येकाखाली जोडलेले हात. त्यातच पावणेअकरा वाजता, दोन मखरांच्या मधे, एका आईनं लिहिलं होतं : ‘रात्रीपासून उलट्या होताहेत त्याला. काहीच खात नाहीये म्हणून सकाळचं इन्सुलिन दिलं नाही. चालेल ना?’

मी हे वाचलं साडेतीनला. नैवेद्य झाला होता, पंगत उठली होती, मागचं आवरून पहिल्यांदाच फोन हातात घेतला होता. त्या शंभर फोटोंत आमच्या घरचं मखरही होतं. सकाळी मीच टाकलेलं.

आमचा ग्रुप टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांच्या पालकांचा. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून द्यावं लागतं, रोज, बहुतेकांना दिवसातून चार वेळा, आणि आयुष्यभर. मूल आजारी पडलं, जेवलं नाही, तरी ते पूर्ण थांबवायचं नसतं. थांबवलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात किटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात आणि मूल काही तासांत गंभीर होऊ शकतं. उलट्या ही त्याचीच एक खूण. म्हणजे जे लक्षण बघून त्या माउलीनं इन्सुलिन थांबवलं होतं, ते लक्षणच इन्सुलिन कमी पडल्याचं असू शकत होतं. ग्रुपवरच्या जुन्या पालकांना हे तोंडपाठ होतं. पण पावणेअकरापासून साडेतीनपर्यंत त्या दोन ओळी कुणाच्याच नजरेला पडल्या नाहीत.

मी फोन लावला तेव्हा ते रिक्षात होते. शेजारी राहणाऱ्या एका नर्सबाईंनी मुलाचा खोल, धापेसारखा श्वास बघितला आणि क्षणभरही न थांबता त्यांना घराबाहेर काढलं होतं. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून मूल घरी आलं. आता त्याला मिसरूड फुटलंय, दुचाकी शिकतोय. पण तो दिवस आठवला की अजून माझ्या पोटात खड्डा पडतो.

तोवर माझी समजूत अशी होती की अ‍ॅडमिनचं काम म्हणजे वाईट माणसं बाहेर ठेवायची. त्या दिवशी ग्रुपवर वाईट माणूस एकही नव्हता. सगळी जिव्हाळ्याची, एकमेकांच्या मुलांसाठी रात्री जागणारी माणसं होती. त्यांच्या आनंदाखालीच एक हाक दबून गेली. मोकळं सोडलेलं अंगण आपोआप सगळ्यांचं राहत नाही. ज्याचा आवाज मोठा, ज्याच्याकडे वेळ जास्त, त्याचं ते होत जातं. आणि घाबरलेल्या माणसाचा आवाज तर नेहमीच बारीक असतो. ‘चालेल ना?’ असा.

त्या रात्री आम्ही चौघी अ‍ॅडमिन बोललो आणि काही गोष्टी ठरवल्या. सणांचे फोटो, वाढदिवस, सुप्रभात यांसाठी वेगळा ग्रुप. तातडीच्या प्रश्नाआधी लाल ठिपका. डोसचा आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही, तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचा. मुलांचे चेहरे टाकायचे नाहीत, कारण उद्या ते मूल मोठं होईल आणि आपला आजार कुणाला सांगायचा हे त्याचं त्याला ठरवू दे. रात्री दहा ते सहा आम्ही पाळीनं जागणार.

लोकांना ते आवडलं असं नाही. ‘दिवसभर सुया आणि आकडेच असतात हो ताई, दोन घटका देवाचा फोटो बघितला तर काय बिघडलं?’ असं एका आजींनी विचारलं आणि त्या ग्रुप सोडून गेल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना ज्याची गरज होती ते आम्ही दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं, आणि त्या खोलीपर्यंत जाणं त्यांना जमलं नाही.

पुढच्या वर्षी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही फोनवरून फिरलेली अफवा त्यांच्या जिवावर उठली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये, वारंवार पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. असे संदेश त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. मी या आकड्याचा पुष्कळ विचार करते. कुणाला गप्प केलं नाही, कुणाचं मत पुसलं नाही, फक्त पुढे ढकलताना बोटाला थोडे कष्ट पडू लागले, आणि एवढं ओझं कमी झालं. म्हणजे त्यातला किती भाग कुणाला खरोखर सांगायचाच नव्हता!

पण यंत्राला लावलेला ब्रेक वेगानंच अडतो. मजकुरात काय आहे ते त्याला कळत नाही. ते कळायला तिथे त्या दुखण्यातलंच माणूस असावं लागतं.

याचं एक उदाहरण सांगते. ग्रुपवर एक बाई आल्या. मुलाला नुकताच डायबेटिस निघालाय म्हणाल्या. दोन महिने गप्प होत्या. मग अधूनमधून लिहायला लागल्या की मुलाची शुगर सुधारतेय, इन्सुलिन निम्म्यावर आलंय. तोवर सगळं ठीक होतं. पुढे नव्या आयांनी आम्हाला एकेक करून सांगितलं, त्या बाई खासगीत एक चूर्ण विकत होत्या. महिन्याचे साडेतीन हजार. जुन्या पालकांना त्यांनी कधी विचारलं नव्हतं. गाठत होत्या त्या फक्त नव्यांना.

का, ते आम्हा जुन्यांना लगेच कळलं. मुलाला नुकतं निदान झालेलं असतं, इन्सुलिन सुरू होतं, आणि मग स्वादुपिंडातल्या ज्या थोड्या पेशी अजून शिल्लक असतात त्यांना जरा उसंत मिळते. त्या पुन्हा काम करायला लागतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभरही शुगर सरळ चालते, इन्सुलिन अगदी थोडं लागतं. डॉक्टर याला हनिमून फेज म्हणतात. इतक्या कठीण काळाला इतकं गोड नाव कुणी दिलं कोण जाणे. या काळात तुम्ही मुलाला कारल्याचा रस द्या, चूर्ण द्या, अंगारा लावा. श्रेय त्याला जातं. मग त्या पेशीही संपतात. तोवर आईबापांनी इन्सुलिन बंद केलेलं असलं तर काय होतं, ते १९२२ च्या आधीच्या प्रत्येक घरानं पाहिलंय. त्या वर्षीच्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी हे निदान म्हणजे थोड्या काळाची सोबत, एवढाच अर्थ होता.

त्या बाईंना आम्ही पाच मिनिटांत काढलं आणि नव्या पालकांना एकेक करून फोन केले. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. बहुतेकांना हे माहीत नसतं, म्हणून तेही ग्रुपवर लिहून ठेवलं. या निर्णयाबद्दल माझ्या मनात आजवर एकदाही किंतू आला नाही.

किंतू आहे तो दुसऱ्या एका माणसाबद्दल.

ते एका मुलीचे बाबा. मराठवाड्यातले, शेती करणारे, कमी बोलणारे. कुणाच्या मुलाला शुगर तपासायच्या स्ट्रिप्स कमी पडल्या की आपल्यातल्या निम्म्या एसटीच्या पार्सलनं पाठवणारे. एका रात्री त्यांनी एक व्हिडिओ पुढे पाठवला. वर दोन बाणांची खूण, म्हणजे पुष्कळदा पुढे ढकलला गेलेला. ‘सुई कायमची सुटणार, फक्त चाळीस दिवस.’ मी तो काढून टाकायला सांगितलं. ते म्हणाले, ‘ऐकायला काय हरकत आहे?’ मी नियम चिकटवला. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा टाकला. त्या वेळी अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मजकूर पुसता येत नव्हता, ती सोय २०२२ मध्ये आली. आमच्या हातात दोनच गोष्टी होत्या, माणूस आत घेणं आणि बाहेर काढणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये हेच टिपलं होतं. आत घेणं आणि काढणं एवढाच अ‍ॅडमिनचा अधिकार, तेव्हा दुसऱ्या सदस्याच्या मजकुराचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही, दोघांचा हेतू एक असल्याशिवाय.

मी त्यांना काढलं. रात्री सव्वाबारा वाजता. ग्रुप २५६ च्या मर्यादेला भिडलेला होता, बाहेर नवे पालक वाट बघत होते, त्यातल्या एकाला सकाळी आत घेतलं. आपण योग्य केलं असं वाटून मी झोपलेसुद्धा.

दोन दिवसांनी दुसऱ्या अ‍ॅडमिन ताईचा फोन आला. म्हणाली, ‘तू त्यांना काढलंस, ते बरोबर की चूक ते सोड. पण त्यांची लेक कुठं गेली गं?’

मला उत्तर देता येईना. आमच्याकडे माणूस एकटा येतच नाही. प्रत्येक नंबरमागे एक मूल असतं. बापाला दाराबाहेर काढलं तेव्हा सात वर्षांची ती पोरही बाहेर गेली होती, आणि ते व्हिडिओतलं ऐकून इन्सुलिन बंद करणार असतील तर त्यांना अडवणारं आता कुणी उरलं नव्हतं. ज्याला सगळ्यात जास्त गरज होती त्यालाच मी बाहेर घालवलं होतं. मी फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी केला. उचलला नाही.

माझं माहेर फलटणचं. आषाढात माउलींची पालखी आमच्याकडे मुक्कामाला असते आणि आमचे अण्णा आम्हाला संध्याकाळी तळावर समाजआरतीला घेऊन जायचे. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना सांगते. दिवसभर चालून आलेल्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. रथापुढच्या सत्तावीस, रथामागच्या कितीतरी. हजारो टाळ, मृदंग, आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार पुढे होतात. हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात आणि ‘होऽऽ’ असा पुकारा करतात. क्षणात सगळं थांबतं. इतका मोठा समाज, आणि चिडीचूप.

लहानपणी मला त्या शांततेचंच अप्रूप होतं. एका माणसाच्या हातात एवढी ताकद! पण एका वर्षी ती शांतता पडलीच नाही. लांब, डाव्या अंगाला कुठेतरी एक टाळ वाजत राहिला. टण्, टण्, टण्. मी अण्णांचा हात ओढला, ‘ते का नाही थांबत? त्यांना ओरडत का नाहीत?’ अण्णा म्हणाले, ‘त्यांची तक्रार आहे बाळ. ज्या दिंडीचं काही म्हणणं असतं ती टाळ थांबवत नाही.’ आणि मी बघत होते, चोपदार त्या गर्दीतून वाट काढत त्या दिंडीपाशी चालत गेले. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. जागेचं असेल, पाण्याचं असेल, क्रम चुकल्याचं असेल. सगळा समाज उभा होता. थकलेले पाय, उपाशी पोटं, आणि आरती थांबलेली. मग तो टाळ थांबला. चोपदार परत आले. हरवल्या-सापडल्या वस्तूंचं सांगून झालं, उद्या निघायची वेळ सांगितली, आणि मग आरती.

हे सगळं मला ठाऊक होतं, वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं, तरी त्या रात्री सव्वाबारा वाजता ते आठवलं नाही. त्या बाबांनी दुसऱ्यांदा व्हिडिओ टाकला तो मला उद्धटपणा वाटला. तो वाजत राहिलेला टाळ होता. मी चोप उचलला, पण चालत गेले नाही. सगळे टाळ थांबवायचे ते एका टाळाचं म्हणणं ऐकू यावं म्हणून, हे मी विसरले होते.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. जिवाला धोका असलेला मजकूर आजही लगेच काढतो, त्यात तडजोड नाही. पण काढल्यावर तासाभरात आमच्यातली एक जण त्या माणसाला फोन करते. लेखी नाही, फोनच. ‘दादा, तुमचा व्हिडिओ मी काढला. का काढला ते सांगते. पण आधी सांगा, घरी कसं चाललंय?’ बहुतेक वेळा पलीकडून आधी काहीच येत नाही. मग रडणं येतं. चौथीतल्या मुलाचे पाय धरून सुई द्यावी लागलेली असते. शाळेनं सहलीला न्यायला नकार दिलेला असतो. सासूबाईंनी सुनेच्या माहेरचा दोष काढलेला असतो. महिन्याच्या स्ट्रिप्सचा आकडा पगाराशी जुळत नसतो. व्हिडिओ हे त्या सगळ्याचं टोक असतं. ते तेवढं छाटून खालचं दुखणं जात नाही.

अशाच एका टाळानं आमच्या ग्रुपला मोठी गोष्ट दिली. सेन्सरवर चर्चा चालली होती; दंडाला लावायचं ते यंत्र, फोनवर शुगर दाखवणारं. कोणतं चांगलं, कितीला पडतं. मेळघाटाकडच्या एका आईनं मधेच लिहिलं, ‘तुमचं चालू द्या. आमच्याकडे फ्रीज नाही.’ इन्सुलिन तर गार ठेवावं लागतं. चर्चा तरीही पुढे चालू राहिली. तिनं तेच पुन्हा लिहिलं, जरा जास्त तिखट. दोघांनी मला खासगीत कळवलं की या बाई वातावरण बिघडवताहेत, विषयांतर करताहेत. पूर्वी मी कदाचित समज दिली असती. या वेळी फोन केला. तिच्या गावात उन्हाळ्यात पारा कुठे जातो, वीज किती तास नसते, इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ती शेतावर कशी नेते, हे तिनं अर्धा तास सांगितलं. मी ग्रुपवर विचारलं, फ्रीज नसलेलं आणखी कोण आहे?

एकोणीस घरं निघाली. तोवर एकानंही सांगितलं नव्हतं, लाजेपोटी. त्यातल्याच एका आजोबांनी मग माठाची रीत सांगितली : मोठ्या माठात लहान मडकं, दोन्हींच्या मधल्या जागेत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, आत कोरड्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि माठ सावलीत, वारा लागेल असा. फ्रीजइतकं गार होत नाही, पण झळीपासून बाटली वाचते. डॉक्टरांना विचारून आम्ही ते नीट लिहून काढलं. आज आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा मागितला जाणारा मजकूर तोच आहे. सेन्सरची चर्चाही चालू असते. ती बंद करायची गरज नव्हतीच, शेजारी जागा करायची होती.

हे काम माणसाला झिजवतं, हेही लिहायला हवं. फेसबुकसाठी दिवसभर लोकांचं भयंकर काही बघून ते काढायचं काम करणाऱ्या अमेरिकेतल्या माणसांच्या मनावर इतका परिणाम झाला की ते कोर्टात गेले, आणि २०२० मध्ये कंपनीनं ५.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आमचं काम त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. तरीही पहाटे दोनला ‘शुगर ४८, नीट उठत नाहीये’ असं वाचून, ग्लुकोज कसं द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढा, असं सांगत पलीकडचा श्वास ऐकत बसलं की सकाळी स्वतःच्या मुलाचा डबा करताना हात थरथरतात. आमच्यातली एक जण तीन वर्षांनी म्हणाली, मला आता पुरे. आम्ही तिला अडवलं नाही. तिच्या जागी आता तीच मेळघाटाकडची आई आहे. रात्रीची पाळी ती स्वतःहून मागून घेते. म्हणते, आमच्याकडे तसंही उन्हाळ्यात झोप कुठे लागते.

त्या बाबांना मी फोन करत राहिले. महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. ते उचलायचे नाहीत, मी व्हिडिओबद्दल काही लिहायची नाही. एवढंच लिहायची : ‘लेक कशी आहे? स्ट्रिप्स लागल्या तर सांगा.’ दोन निळ्या खुणा यायच्या, म्हणजे वाचलं जात होतं. त्यांची जागा मी धरून ठेवली होती असं म्हणवत नाही, ती तर दुसऱ्याच सकाळी दिली होती. पुढे मर्यादा ५१२ झाली, मग १०२४, आणि जागेचा प्रश्नच उरला नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी फोन उचलला. काही क्षण दोघंही गप्प. मागे कुठेतरी मोटार चालू असल्याचा आवाज. मग ते म्हणाले, ‘ताई, कबड्डीच्या टीममध्ये घेतलंय तिला. संध्याकाळी दोन तास सराव असतो. खेळून आल्यावर रात्री शुगर खाली जाते. डोस किती कमी करायचा?’

डोस कमी करायचा. म्हणजे डोस चालू होता.

मी म्हटलं, ‘दादा, आकडा मी नाही सांगणार, तो डॉक्टरच सांगतील. उद्या सकाळी फोन लावा त्यांना. पण खेळायच्या आधी तपासा, खिशात ग्लुकोज ठेवा, आणि तिच्या सरांना सांगून ठेवा. झोपायच्या आधी पुन्हा एकदा बघा.’

‘सरांना काय सांगायचं, ते लिहून देता का?’

‘देते. ग्रुपवर आहे तयार लिहिलेलं.’

पलीकडची मोटार बंद झाली. ‘मग तिकडंच टाका,’ ते म्हणाले, ‘मी येतो.’